मालगुंडच्या शिळांवर केशवसुत

गणपतीपुळ्याचे दर्शन घेऊन परतणाऱ्या मुंबई-नवी मुंबईच्या प्रवाशांनी वाट थोडी वाकडी करून जवळच्या मालगुंडला अवश्य जावे. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाणारे केशवसुत, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म १८६६ साली याच गावी झाला. तेथील स्मारकाच्या आवारात त्यांच्या कविता शिळांवर कोरलेल्या आहेत.

हयातीत मात्र त्यांच्या कवितेला पुस्तकाचे रूपही लाभले नाही. १८८९ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबई, फैजपूर, धारवाड येथे त्यांनी शिक्षकी केली. बेताच्या मिळकतीत संसार ओढताना त्यांनी उपाशी मजुराचे आणि अस्पृश्य मुलाचे दुःख कवितेत आणले. चौदा ओळींचे सुनीत त्यांनीच मराठीत रुजवले.

७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचा बळी घेतला. त्यांचे वय अवघे ३९ होते. काही दिवसांतच पत्नीही त्याच साथीत गेल्या. मागे उरल्या त्या सुमारे १३५ कविता. हरि नारायण आपटे यांनी त्या संग्रहरूपाने प्रसिद्ध केल्या, म्हणून पुढील पिढ्यांच्या हाती आल्या.

कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. स्वतःचा संग्रह न पाहताच गेलेल्या या कवीचे शब्द आता कोणीही वाटसरू तेथे उभ्या उभ्या वाचू शकतो.