श्रीनाथमहाराज आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत

वारकरी वाचकहो, श्रीज्ञानोबा-तुकोबांच्या चरणी मस्तक ठेवून या महिन्यात आम्ही पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र सांगतो. गाढवाला पाजलेली कावड, श्रीखंड्याने भरलेला रांजण, या कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकता. आज सांगायचे आहे ते नाथांच्या लेखणीविषयी.

नाथांचा जन्म पैठणास, शके १४५५ (इ. स. १५३३) च्या सुमारास. भानुदासमहाराज त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा आजोबा चक्रपाणींनी सांभाळ केला. पुढे हा बाळ गुरूच्या शोधात देवगिरीस जनार्दनस्वामींपाशी आला. स्वामी गडाचे अधिकारी. म्हणून शिष्याच्या वाट्याला आले काय, तर जमाखर्चाच्या वह्या! एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. पोर रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवती झाले. एवढ्याशा चुकीचा हा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल, असे स्वामींनी समजावले. आम्ही कीर्तनकार इथवर सांगून पुढे जातो. पण त्या रात्रीच्या सवयीचे फळ सगळ्या संप्रदायाला मिळाले, ते असे.

ज्ञानेश्वरी माउलींनी नेवाशास शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातानेच उतरवली जात होती. पोथी लिहिणे म्हणजे काय कष्ट! कागद घोटायचा, काजळाची शाई खलायची, बोरू तासायचा, ओळी आखायच्या, दंड आणि अध्यायसमाप्ती हिंगुळाने तांबडी करायची. अक्षर चुकले तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा. हरताळ फासणे हा आपला वाक्प्रचार तिथलाच. त्यातून शब्द न तोडता सलग लिहिण्याची चाल. नजर घसरली की मधली ओवी गेली. जुना शब्द कळला नाही की तिथे नवा बसला. कुणी समासात टिपण लिहिले, ते पुढच्याने ओवी समजून आत घेतले.

परंपरा सांगते की, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे असा माउलींचा दृष्टांत नाथांना झाला, आणि त्यांनी आळंदीस जाऊन ती दूर केली. पोथीलाही अशाच मुळ्यांनी विळखा घातला होता. नाथांनी पाठ ताडून पाहिले आणि शके १५०६ (इ. स. १५८४), भाद्रपदात कपिलाषष्ठीस शुद्ध प्रत पुरी केली.

आता खरी गोष्ट ऐका. त्याआधी अकरा वर्षे, शके १४९५ मध्ये, काशीत त्यांनी एकनाथी भागवत पूर्ण केले होते. अठरा हजारांवर ओव्या लिहिणारा हा महाकवी! माउलींच्या ग्रंथात आपली एक ओवी घालणे त्यांना काय अवघड होते? पण ते त्यांनी केले नाही. उलट पुढच्यांनाही तसे न करण्याची ताकीद देऊन ठेवली.

आमची एक लबाडी सांगतो. पाठशाळेत असताना गुरुजींनी एक अध्याय बोरूने उतरवायला दिला. एक जुना मराठी शब्द आम्हाला कळेना. व्याकरण नवे शिकलेलो, म्हणून त्या जागी ऐटीत संस्कृत शब्द बसवला. गुरुजी रागावले नाहीत. सबंध पान पुन्हा लिहायला लावले. त्या पानाने आम्हाला नाथ कळले. न कळलेले जसेच्या तसे राखणे, हीसुद्धा सेवाच.

शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदातीरी देह ठेवला. आजही नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात. तिथे जाल तेव्हा एवढे मनात धरा : ओवी वहीत उतरवा नाहीतर मोबाईलवर पाठवा, आधी पोथीशी ताडून पाहा. एका पैसाठी जागलेल्या नाथांचे आपण वारस आहोत.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!