बावीस खंडांची वाटचाल : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे

रोहा - रायगड जिल्ह्याने महाराष्ट्राला विद्वानांची मोठी परंपरा दिली आहे. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणरावांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आणि देशाचे अर्थमंत्रिपद भूषविले. शेजारच्या पेण तालुक्यातील वरसई हे लहानसे गाव मात्र इतिहासाच्या अभ्यासकांना अधिक जवळचे आहे. १८५७ च्या धामधुमीतून जीव वाचवून परतलेले आणि 'माझा प्रवास' लिहून ठेवणारे विष्णुभट गोडसे याच वरसईचे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्मही १८६३ मध्ये याच गावी झाला.

राजवाड्यांचे नाव घेतले की 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे बावीस खंड डोळ्यांसमोर येतात. ग्रंथालयाच्या कपाटात ओळीने लावलेले हे खंड पाहणाऱ्यास, एखाद्या संपन्न संस्थेने पगारी माणसे नेमून ते सिद्ध केले असावेत, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कोणी सांगितले नसताना, कोणाचे वेतन नसताना आणि काम केव्हा संपेल याचा अंदाज नसताना एका माणसाने ते हाती घेतले व सुमारे दोन दशके तडीस नेले. या कामाची गती अत्यंत मंद होती. तरीही ते थांबले नाही, हा राजवाड्यांच्या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे.

उशिराची सुरुवात

राजवाड्यांच्या आयुष्यात कोणतीच गोष्ट वेळेवर घडली नाही. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. शिक्षण आप्तांच्या आधाराने व रखडत झाले. मॅट्रिकनंतर बी. ए. होईपर्यंत आठ-नऊ वर्षे लोटली आणि पदवी हाती आली तेव्हा त्यांनी वयाची सत्ताविशी ओलांडली होती. बुद्धी कमी पडली म्हणून हा विलंब झाला नाही. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तके वाचण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता. इतिहास, तत्त्वज्ञान, व्याकरण, वनस्पतिशास्त्र अशा नाना विषयांत ते स्वतःच्या मनाने बुडून जात. परीक्षेच्या दृष्टीने वाया गेलेली ही वर्षे पुढे त्यांच्या संशोधनाची शिदोरी ठरली.

पदवीनंतर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. पण ती मानवली नाही. पुढे त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले. जगातील उत्तमोत्तम ग्रंथ मराठीत आणावेत, हा त्यामागील हेतू होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक काही वर्षांतच बंद पडले. याच सुमारास पत्नीचे निधन झाले. राजवाड्यांनी पुन्हा विवाह केला नाही. तिशी ओलांडलेला, नोकरी सोडलेला, मासिक बुडालेला आणि संसार उरला नसलेला हा माणूस पुढे काय करणार, असा प्रश्न त्या वेळी कोणालाही पडला असता.

वाईचे दप्तर

उत्तर वाई येथे मिळाले. तेथील एका जुन्या घराण्याच्या दप्तरात राजवाड्यांना पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे सापडली. १७५० ते १७६१ या वर्षांतील हा पत्रव्यवहार मराठी सत्तेच्या सर्वांत मोठ्या विस्ताराचा आणि सर्वांत मोठ्या पराभवाचा प्रत्यक्ष साक्षीदार होता. राजवाड्यांनी तो वाचला, लावला आणि १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केला. त्या वेळी ते पस्तीस वर्षांचे होते.

या खंडाला त्यांनी प्रदीर्घ प्रस्तावना जोडली. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास तोवर प्रमाण मानला जात असे. डफच्या विवेचनातील उणिवा राजवाड्यांनी अस्सल कागदांच्या आधारे दाखवून दिल्या. मराठ्यांचा इतिहास मराठी कागदांतून लिहिला पाहिजे आणि ते कागद आधी गोळा झाले पाहिजेत, ही त्यांची भूमिका येथे निश्चित झाली. काशीनाथ नारायण साने यांच्या 'काव्येतिहाससंग्रहा'ने या दिशेने आधीच पाऊल टाकले होते आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांची दप्तरे धुंडाळत होते. राजवाड्यांनी मात्र एका घराण्यापुरते न थांबता सगळ्या महाराष्ट्राचे दप्तर हेच आपले कार्यक्षेत्र मानले.

काम मंद का होते?

दप्तरे मिळविणे हीच पहिली अडचण होती. पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना तेथे मोकळा प्रवेश नव्हता. उरली ती सरदार, देशमुख, कुलकर्णी, जोशी, उपाध्ये यांच्या घरांतील खासगी दप्तरे. ती माळ्यांवर, पेटाऱ्यांत, देवघरांच्या कोनाड्यांत पडलेली असत. काही वाळवी खात होती, काही रद्दीत जात होती. मालक कागद दाखवायला राजी नसत. इनाम कमिशनच्या चौकशीत अनेकांच्या जमिनी गेल्या होत्या; परक्या माणसाच्या हाती जुना कागद पडला तर उरलेसुरले वतनही जाईल, अशी भीती घराघरांत होती. एका गावी अनेकदा खेटे घालावे लागत. राजवाडे कित्येकदा पायीच हिंडत, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत आणि मिळेल त्या निवाऱ्याला राहत.

कागद हाती आल्यावर खरे कष्ट सुरू होत. मोडी मजकुरात शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात आणि प्रत्येक लेखकाचे वळण वेगळे असते. त्याहून कठीण काम पत्राची तारीख ठरविण्याचे. पुष्कळ पत्रांवर 'छ ६ जमादिलाखर' एवढाच उल्लेख असतो. 'छ' म्हणजे चंद्र आणि पुढे मुसलमानी महिना. वर्षाचा पत्ताच नसतो. जेथे वर्ष असते तेथे ते सुहूर सनात आणि अरबी शब्दांत लिहिलेले असते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगात सुरू होते. त्यामुळे डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. म्हणजे हे वर्ष १७६०-६१, पानिपतचे. वर्ष मुळीच नसेल तर मजकुरातील माणसे, मुक्काम, वार आणि प्रसंग यांचा मेळ घालून ते शोधावे लागते. एका पत्राच्या तारखेपायी कित्येक दिवस खर्ची पडावेत, असे हे काम आहे.

अशा कामात प्रगती डोळ्यांना दिसत नाही. महिनाभर वणवण करून एखादे दप्तर मिळावे आणि त्यात हिशेबाच्या फर्दांखेरीज काही नसावे, हा संशोधकाचा नित्याचा अनुभव असतो. राजवाड्यांचे वेगळेपण असे, की निरुपयोगी वाटणारा कागदही त्यांनी निरुपयोगी मानला नाही. राजकारणाच्या पत्रांबरोबर त्यांनी महजर, निवाडे, वतनपत्रे आणि यादीही जमविल्या. लढायांच्या पलीकडचा समाज, शेती, जाती, धर्म आणि भाषा यांचा इतिहास त्यांना याच कागदांत दिसू लागला.

तुकड्यातुकड्याने छपाई

सर्व साधने जमल्यावर एकदम छापू, असा विचार त्यांनी केला असता तर बहुधा काहीच छापले गेले नसते. राजवाड्यांनी मिळाले तेवढे छापण्याची पद्धत स्वीकारली. एक दप्तर हाती आले की नक्कल करायची, टिपा द्यायच्या आणि जो छापखाना, जे मासिक जागा देईल तेथे मजकूर पाठवायचा. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या 'ग्रंथमाले'सारख्या नियतकालिकांतून हे साहित्य क्रमाक्रमाने बाहेर पडले. खंडांचा क्रम कालानुक्रमे राहिला नाही. पानिपत आधी आले, शिवकाल नंतर आला. पण वाळवीच्या तोंडातून कागद सुटला आणि अभ्यासकांच्या हाती पडला. संपूर्णतेचा आग्रह बाजूला ठेवून पुरे झालेले लहान काम लगेच लोकांपुढे मांडण्याच्या या रीतीनेच बावीस खंडांचा डोंगर उभा राहिला.

एका विषयात कुंठितता आली की ते दुसऱ्याकडे वळत, ही त्यांची दुसरी सवय. बीड येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी ज्ञानेश्वरीची आवृत्ती सिद्ध केली आणि १९०९ मध्ये तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' १९२२ मध्ये आणि उत्तर कोकणच्या इतिहासावर प्रकाश टाकणारी 'महिकावतीची बखर' १९२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केली. हे सर्व लेखन त्यांनी मराठीतच केले. इंग्रजीत लिहून व्यापक कीर्ती मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. पण तो मार्ग त्यांनी हेतुपुरस्सर नाकारला.

मंडळ, मतभेद आणि मर्यादा

हे काम एका आयुष्यात पुरे होणार नाही, हे राजवाड्यांनी वेळीच ओळखले. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद जमवायचे, सभेत वाचायचे, त्यांवर वाद करायचा आणि छापायचे, अशी परंपरा मंडळाने रुजविली. एकट्याने सुरू केलेल्या कामाला आता अनेक हात मिळाले.

तथापि राजवाड्यांचा स्वभाव संस्थेत रमणारा नव्हता. तापटपणा, परखडपणा आणि स्वमताचा पराकोटीचा आग्रह यांमुळे सहकाऱ्यांशी खटके उडत. पुढे ते मंडळापासून दूर झाले. त्यांच्या संशोधनालाही मर्यादा होत्या. अनेक व्युत्पत्त्या ओढूनताणून केलेल्या आहेत आणि जातींविषयीची त्यांची मते पक्षपाती असल्याची टीका रास्तपणे झाली आहे. ज्ञानेश्वरीच्या त्यांच्या पोथीच्या जुनेपणाविषयीही विद्वानांनी शंका घेतल्या. राजवाड्यांचे निष्कर्ष पुढील पिढ्यांनी जागोजाग खोडले. मात्र ते खोडण्यासाठीसुद्धा त्यांनीच छापलेल्या कागदांचा आधार घ्यावा लागला.

धुळ्यातील अखेर

आयुष्याच्या उत्तरार्धात राजवाड्यांचे मन भाषेकडे वळले होते. मराठी धातू आणि शब्द यांची मुळे शोधण्यासाठी त्यांनी हजारो टिपणे केली. अखेरच्या काळात आपला संग्रह घेऊन ते धुळ्यास गेले. साठी उलटली होती, प्रकृती साथ देत नव्हती आणि कोशाचे काम अपुरेच होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे घर, जमीन, ठेव असे काही नव्हते. होती ती दप्तरांची गाठोडी आणि टिपणे. धुळेकरांनी लगोलग १९२७ च्या जानेवारीत राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना केली आणि हा ठेवा जतन केला. प्रा. कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचा मराठी धातुकोश १९३७ मध्ये बाहेर पडला. ज्या पेशवे दप्तराचे दार त्यांना बंद होते, त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर सरकारने प्रसिद्ध केले. त्यामागे सरकारी खजिना आणि मदतनिसांचा वर्ग होता. राजवाड्यांच्या बावीस खंडांमागे दोन पाय, एक लेखणी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघण्याची तयारी एवढेच भांडवल होते.

पेण-रोह्याच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही एखादे मोडी कागदांचे गाठोडे निघू शकते. ते रद्दीत न घालता जाणकाराच्या हाती द्यावे, ही जाणीव मराठी माणसाला राजवाड्यांमुळे आली. वरसईच्या या सुपुत्राचे काम त्या अर्थाने अजून पूर्ण झालेले नाही.