वीसेक कंपन्यांनी नाही म्हटलं, पण ऑफिसातला लेझर प्रिंटर आजही याच माणसाच्या पद्धतीने चालतो

महिन्याअखेरची घाई असते. बिलं काढायची असतात, साहेब ओरडत असतात, आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यातला प्रिंटर रुसतो. कागदावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ येते, नाहीतर छापलेली अक्षरं बोट फिरवलं की पुसली जातात. मग कुणीतरी टोनर काढून हलवतं, कुणी बटण बंद करून चालू करतं आणि शेवटी आयटीवाल्याला फोन जातो. तो येतो, आलेला कागद उजेडात धरतो आणि मशीन न उघडताच सांगतो की ड्रम गेलाय.

त्याला हे कसं कळलं?

तर लेझर प्रिंटरच्या पोटात जे काही घडतं, ते १९३८ साली न्यूयॉर्कमधल्या एका खोलीत एका माणसाने हाताने करून बघितलं होतं. आज मशीन तेच काम सेकंदात करतं, पण पायऱ्या त्याच आहेत. कुठली पायरी चुकली ते कागदच सांगतो. त्या माणसाचं नाव चेस्टर कार्लसन. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर, कॉलेजच्या गेटवर, एसटी स्टँडसमोर जी 'झेरॉक्स'ची पाटी दिसते, तिच्या मुळाशीही हाच गडी आहे.

कार्लसनचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. वडील न्हावी होते, पण क्षयरोग आणि मणक्याच्या दुखण्याने ते अंथरुणालाच खिळले. आईचीही तब्येत नाजूक. आठव्या वर्षापासून पोरगा मिळेल ते काम करायला लागला आणि हायस्कूलात जाईपर्यंत घर त्याच्याच कमाईवर चालत होतं. तो १७ वर्षांचा असताना आईला क्षयाने नेलं. घरात पैसा नव्हता तरी छपाईचा नाद मात्र लहानपणापासून होता. रबरी शिक्क्यांचा खेळ हे त्याचं आवडतं खेळणं. पुढे एका छापखान्यात काम करताना त्याने एक जुनं छपाईयंत्र मिळवलं आणि विज्ञानाची आवड असणाऱ्या मुलांसाठी मासिक काढायचा घाट घातला. एकेक खिळा जुळवत पान उभं करायचं म्हणजे काय जीवघेणं काम असतं, हे त्याला तिथे कळलं. मासिक फार चाललं नाही.

१९३० मध्ये तो कॅलटेकमधून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. डोक्यावर सुमारे दीड हजार डॉलरचं कर्ज, आणि बाहेर महामंदी. त्याने ८२ कंपन्यांना अर्ज केले. एकीनेही नोकरी दिली नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या बेल लॅबमध्ये आठवड्याला ३५ डॉलरवर काम मिळालं. ते कंटाळवाणं वाटलं म्हणून तो तिथल्याच पेटंट विभागात गेला. १९३३ मध्ये तीही नोकरी गेली. काही काळाने तो पी. आर. मॅलरी या इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या कंपनीच्या पेटंट विभागात लागला, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

पेटंटचं काम म्हणजे प्रतींचं काम. एकाच कागदाच्या अनेक प्रती लागायच्या, सोबत आकृत्या. मजकूर पुन्हा टाइप करायचा, मग मूळ कागदाशी ताडून बघायचा. आकृत्यांचे फोटो काढायला बाहेर पाठवायचं, त्यात वेळ जायचा आणि खर्चही व्हायचा. त्यात संध्याकाळी तो कायद्याचं शिक्षण घेत होता. पुस्तकं विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून काढायचा. डोळे अधू होते, सांधेदुखी सुरू झाली होती. एक कागद मशीनमध्ये घालावा आणि तशीच प्रत बाहेर यावी, एवढीच त्याची गरज होती.

फोटोच्या रसायनांवर मोठ्या कंपन्या आधीच काम करत असणार, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून तो दुसऱ्या वाटेने गेला. काही पदार्थांवर उजेड पडला की ते वीज वाहून नेतात आणि अंधारात नेत नाहीत. अशा पदार्थाच्या पत्र्यावर स्थिर वीज भरायची आणि त्यावर अक्षरांची सावली टाकायची. उजेड पडलेल्या जागची वीज निघून जाईल, सावलीतली राहील. मग वरून बारीक भुकटी टाकली की ती फक्त अक्षरांच्या जागी चिकटेल. हंगेरीच्या पाल सेलेनी या शास्त्रज्ञाचं स्थिर विजेने चित्र उमटवण्याबद्दलचं लेखन त्याच्या वाचनात आलं होतं, त्याचाही उपयोग झाला.

पहिले प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात झाले. जस्ताच्या पत्र्यावर वितळलेला गंधक पसरायचा, शेगडीवर. त्या वासाने घरात काय होत असेल याची कल्पना करा. नवराबायकोत खटके उडायला लागले. शेवटी त्याने अ‍ॅस्टोरिया भागात एक खोली घेतली आणि ऑस्ट्रियातून आलेल्या ऑटो कॉर्नाई नावाच्या बेकार भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी घेतलं.

२२ ऑक्टोबर १९३८. कॉर्नाईने काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' एवढं लिहिलं. खोलीत अंधार केला. गंधक लावलेला पत्रा सुती रुमालाने खसाखसा घासला, म्हणजे त्यावर वीज भरली. वर काचपट्टी ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. मग लायकोपोडियम या वनस्पतीची भुकटी भुरभुरली आणि जास्तीची फुंकरीने उडवली. पत्र्यावर अक्षरं उभी होती. मेणकागद त्यावर दाबला, गरम केला, मेण वितळून भुकटी चिकटली. पहिली प्रत निघाली. नशिबाचा भाग नको म्हणून दोघांनी तेच पुन्हा करून बघितलं.

आता ऑफिसच्या प्रिंटरकडे या. रुमालाचं काम आज एक रोलर करतो. तो मळला की पानावर उभ्या रेघा येतात किंवा कागद नको तिथे काळपट होतो. दिव्याचं काम लेझर करतो. त्याच्या आरशावर किंवा काचेवर धूळ बसली की पानाचा एक उभा पट्टा फिका दिसतो. भुकटी म्हणजे टोनर. पत्र्याच्या जागी गोल ड्रम आला, आणि मेणकागद गरम करायचं काम फ्यूझर नावाचा तापलेला भाग करतो. अक्षरं बोटाला लागत असतील तर टोनर बदलून काही उपयोग नाही. फ्यूझर पुरेसा तापत नाही, किंवा मशीनमध्ये निवडलेला कागदाचा प्रकार आणि ट्रेमधला कागद जुळत नाही. पावसाळ्यात उघडं पडलेलं रीम ओल धरतं आणि अशा कागदावर टोनर नीट उतरत नाही, शिवाय तो अडकतोही. तोच ठिपका ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येत असेल तर फिरणाऱ्या एखाद्या भागावर ओरखडा आहे. ते अंतर पट्टीने मोजायचं. ज्या भागाचा घेर तेवढा, तो दोषी. कागद उजेडात धरणारा आयटीवाला हेच मोजत होता.

अ‍ॅस्टोरियातल्या खोलीत मात्र तेव्हा पैसा नव्हता. आणि कॉर्नाईचा भरवसा उडाला. करारानुसार या शोधातून कार्लसनला जे मिळेल त्यातला दहा टक्के वाटा त्याचा होता. वर्षभरात तो आयबीएममध्ये नोकरीला गेला आणि करार मोडला. पुढे कार्लसनने त्याची आठवण ठेवून त्याला शंभर शेअर पाठवले. ते जपले असते तर १९७२ पर्यंत त्यांची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली असती.

१९३९ ते १९४४ या काळात कार्लसन कंपन्यांची दारं झिजवत होता. आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए अशा वीसपेक्षा जास्त ठिकाणी नकार मिळाला. अमेरिकन नौदलालाही रस नव्हता. पत्रा, रुमाल आणि भुकटीचा खेळ बघून कुणाला त्यात मशीन दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचंही फार चुकलं नाही. डोळ्यासमोर होती ती एक धुरकट प्रत. कार्बन पेपर स्वस्त होता आणि काम भागत होतं. १९४२ मध्ये मुख्य पेटंट मिळालं, पण घेणारा नव्हता. या सगळ्यात लग्नही टिकलं नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला.

वाट निघाली ती ओहायोतल्या बॅटेल या संशोधन संस्थेमुळे. तिथला एक माणूस दुसऱ्याच कामासाठी मॅलरीत आला होता. बोलता बोलता कार्लसनने आपला शोध दाखवला आणि १९४४ मध्ये करार झाला. बॅटेलच्या लोकांनी गंधकाच्या जागी सेलेनियम आणलं, रुमालाच्या जागी विजेची तार आणि चांगला टोनर. नंतर रॉचेस्टरची हॅलॉइड ही फोटोचा कागद बनवणारी छोटी कंपनी पुढे आली. तिचा प्रमुख जो विल्सन याने जवळजवळ अख्खी कंपनी पणाला लावली. ग्रीक भाषेतल्या 'कोरडं' आणि 'लिहिणं' या शब्दांवरून झेरोग्राफी हे नाव ठरलं. १९४९ मध्ये पहिलं मशीन बाजारात आलं, पण एका प्रतीसाठी हाताने ३९ गोष्टी कराव्या लागायच्या. ऑफिसवाल्यांनी ते नाकारलं.

पुढची दहा वर्षं आणि सव्वा कोटी डॉलर गेले. १९५० च्या दशकात कंपनीने जेवढं कमावलं, त्यापेक्षा ही रक्कम जास्त होती. १६ सप्टेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलात झेरॉक्स ९१४ दाखवण्यात आलं. वजन २९४ किलो. दोन मशीन ठेवली होती, त्यातल्या एकाने पेट घेतला! नशीब, दुसरं चाललं. पेट घेण्याचा हा दोष पुढेही राहिला. फ्यूझरजवळ कागद अडकला की तो जळायचा. म्हणून कंपनी मशीनसोबत आग विझवायचं छोटं नळकांडं द्यायची, फक्त त्याला आग विझवायचं यंत्र न म्हणता जरा गोड नाव दिलं होतं.

मशीन महाग होतं, म्हणून ते विकण्यापेक्षा भाड्याने देण्यावर कंपनीचा भर होता. महिन्याला ९५ डॉलर, त्यात २,००० प्रती, आणि त्यापुढच्या प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे. म्हणजे किती प्रती निघाल्या ते मोजणारं मीटर मशीनमध्ये हवंच. भाड्याचं मशीन बंद पडलं तर मीटर थांबतं आणि कंपनीचं उत्पन्नही थांबतं. त्यामुळे ऑफिसात जाऊन मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसांची फौज उभी करावी लागली. शोध कार्लसनचा, पण तो रोज चालू ठेवला तो हत्यारांची पेटी घेऊन फिरणाऱ्या या लोकांनी. त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

त्याच मीटरवर कार्लसन श्रीमंत झाला. १९६५ पर्यंत जगभरात निघालेल्या प्रत्येक प्रतीमागे त्याला साधारण एका सेंटचा सोळावा भाग मिळायचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण थेंबाथेंबाने तळं साचलं. आणि या गड्याने ते रिकामं करायला सुरुवात केली. दुसरी पत्नी डोरिस हिच्यामुळे तो वेदान्त आणि झेन यांकडे वळला होता. नागरी हक्कांच्या चळवळीला, शाळा-कॉलेजांना, संशोधनाला त्याने पैसे दिले, तेही बहुतेकदा आपलं नाव न लावता. पुनर्जन्माच्या घटना तपासायला भारतातही येऊन गेलेल्या इयन स्टीव्हन्सन यांच्या संशोधनामागेही त्याचा पैसा होता. एकूण दान दहा कोटी डॉलरच्या वर गेलं. १९६८ मध्ये फॉर्च्यून मासिकाने त्याला अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत लोकांत गणलं, तेव्हा त्याने पत्र लिहून कळवलं की तुमचा आकडा १५ कोटींनी जास्त आहे.

त्याच वर्षी वसंतात त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. दुखणं किती गंभीर आहे ते त्याने बायकोपासून लपवून ठेवलं. १९ सप्टेंबर १९६८ ला न्यूयॉर्कमधल्या एका थिएटरात सिनेमा बघता बघता बसल्या खुर्चीत त्याचा मृत्यू झाला. वय ६२.

प्रिंटर नेटवर्कला जोडलेला त्याने पाहिला नाही. तो गेल्यावर तीनेक वर्षांत झेरॉक्सच्याच गॅरी स्टार्कवेदर यांनी दिव्याच्या जागी लेझर बसवला. कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेत एकच महागडा लेझर प्रिंटर अनेक कम्प्युटरना वापरता यावा, ही १९७३ मध्ये इथरनेट जन्माला येण्यामागची एक गरज होती. मग नवीनच दुखणं सुरू झालं. प्रिंटर एका खोलीत, माणूस दुसऱ्या खोलीत. कागद अडकलाय हे त्याला कळणार कसं? एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून कागद अडकला की थांबलेल्या लोकांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या झेरॉक्स मशीनचा प्रोग्रॅम उघडून बघायला मिळाला नाही आणि ते भडकले. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू होण्यामागे हा राग होता.

१९९५ मध्ये यावर सगळ्यांना चालेल अशी पद्धत ठरली. प्रिंटरमध्ये एक यादी असते आणि तिचा आराखडा सगळ्या कंपन्यांना सारखाच. ट्रेमध्ये कागद आहे का, टोनर किती उरलाय, झाकण उघडं आहे का, हे सगळं तिच्यात असतं. आयटीवाल्याचं सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी एसएनएमपी या भाषेत ते विचारून घेतं. प्रिंटरने उत्तरच दिलं नाही तर बिघाड टोनरमध्ये शोधायचा नाही. आधी वायर बघायची, मग वीज जाऊन आल्यावर प्रिंटरचा आयपी पत्ता बदललाय का ते बघायचं. पत्ता बदलला की मशीन ठणठणीत असूनही सगळ्यांच्या स्क्रीनवर ऑफलाइन दिसतं.

त्याच यादीत आजवर एकूण किती पानं छापली याचा एक आकडा असतो. भाड्याने घेतलेल्या प्रिंटरचं बिल अजूनही त्यावरच निघतं.