थॉमस पर्सी : दोन हजार पौंडांना विकला गेलेला सरदार

थॉमस पर्सी आठ-नऊ वर्षांचा असताना, १५३७ मध्ये, राजा आठव्या हेन्रीविरुद्धच्या बंडात सामील झाल्याबद्दल त्याच्या वडिलांना देहदंड झाला. घराण्याची सरदारकीही गेली. ती परत दिली राणी मेरीने, १५५७ साली. मेरी कॅथलिक, पर्सीही कॅथलिक. थॉमस नॉर्थम्बरलंडचा सातवा अर्ल झाला आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचा मोठा माणूस ठरला. पण पुढच्याच वर्षी मेरी वारली आणि प्रोटेस्टंट एलिझाबेथ गादीवर आली.

एलिझाबेथने त्याला उघडपणे छळलं नाही, हळूहळू बाजूला सारलं. सीमेवरचे अधिकार इतरांकडे गेले. केझविकजवळ त्याच्या जमिनीत तांबं निघालं, तर त्यात सोन्या-चांदीचा अंश आहे म्हणून १५६८ मध्ये न्यायालयाने खाण राणीच्या पदरात टाकली. धर्माचं दुःख खरंच होतं, पण खाणीचं शल्यही काही लहान नव्हतं.

त्याच वर्षी स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी स्टुअर्ट इंग्लंडच्या आश्रयाला आली. ती कॅथलिक आणि इंग्लंडच्या गादीची वारस. उत्तरेतल्या कॅथलिकांच्या आशा तिच्यावर खिळल्या. तरीही पर्सी कचरत होता. नोव्हेंबर १५६९ मध्ये दरबारातून बोलावणं आलं. मग एका रात्री टॉपक्लिफला घंटा वाजू लागल्या. आपल्याला धरायला माणसं आली, असं वाटून तो वेस्टमोरलंडच्या अर्लकडे पळाला. बंड सुरू झालं ते असं, भीतीपोटी!

१४ नोव्हेंबरला दोघे डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये शिरले. इंग्रजी बायबल फाडलं, जुन्या पद्धतीची मिस्सा झाली. पुढे झेंडा होता येशूच्या पाच जखमांचा, वडिलांच्या बंडातलाच. पाच-सहा हजारांचं सैन्य दक्षिणेकडे निघालं खरं, पण मेरीला घाईघाईने कॉव्हेंट्रीला हलवण्यात आलं. परदेशातून येणारी कुमक आलीच नाही. पोपने एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केलं तेही फेब्रुवारी १५७० मध्ये, म्हणजे सगळं आटोपल्यावर. डिसेंबरात दोन्ही सरदार सीमा ओलांडून स्कॉटलंडात पळाले.

मागे राहिलेल्या शेकडो साध्या माणसांना गावोगावी फाशी दिली गेली. त्यांत बहुतेक बिनजमिनीचे होते. जमीनवाल्यांवर रीतसर खटले चालवले तर त्यांची मालमत्ता राणीला मिळणार होती, असा हा हिशेब!

पर्सीने सीमाभागातल्या हार्लॉच्या हेक्टरकडे आसरा घेतला, त्यानेच त्याला धरून दिलं. विश्वासाने आलेल्याचा घात करणं याला तिकडे ‘हेक्टरचा झगा घेणं’ असं म्हणू लागले. पर्सीला ठेवलं लॉकलेव्हनच्या किल्ल्यात. मेरी स्टुअर्ट निसटली होती तोच हा किल्ला! पर्सीला मात्र तसं जमलं नाही. त्याची बायको अ‍ॅन परदेशात सुटकेसाठी पैसे जमवत होती, पण १५७२ मध्ये स्कॉटलंडच्या कारभाऱ्यांनी दोन हजार पौंड घेऊन त्याला इंग्लंडच्या हवाली केलं.

२२ ऑगस्ट १५७२ रोजी यॉर्कच्या बाजारात त्याचा शिरच्छेद झाला. आयुष्यभर कचरणारा हा माणूस तेव्हा मात्र डगमगला नाही, आपण कॅथलिक म्हणूनच मरतो आहोत असं त्याने सांगितलं. १८९५ मध्ये पोप तेराव्या लिओने त्याला धन्य घोषित केलं. अ‍ॅन मायदेशी परतली नाही. मुलगी मेरीने पुढे ब्रुसेल्सला इंग्रज जोगिणींसाठी मठ काढला.