सात फुटी लोहमार्गाचा शिल्पकार

आगगाडीने प्रवास करताना आपले लक्ष इंजिनाकडे, पुलांकडे, बोगद्यांकडे जाते. परंतु दोन रुळांमधील अंतराकडे सहसा कोणी पाहत नाही. या अंतराला गेज म्हणतात. त्यावरून एके काळी इंग्लंडमध्ये मोठा वाद माजला होता. त्या वादात एका पक्षाचे धुरीणत्व ज्यांच्याकडे होते, ते थोर अभियंते म्हणजे इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल.

ब्रुनेल यांचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे झाला. त्यांचे वडील मार्क ब्रुनेल मूळचे फ्रान्सचे. पुढे ते इंग्लंडमध्ये स्थायिक होऊन नामांकित अभियंते झाले. चित्रकला व भूमिती यांचे पहिले धडे मुलाला वडिलांनीच दिले. फ्रान्समध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर इझंबार्ड वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. लंडनमध्ये थेम्स नदीच्या पात्राखालून बोगदा खणण्याचे ते साहसी काम होते. जानेवारी १८२८ मध्ये नदीचे पाणी एकाएकी बोगद्यात घुसले. सहा कामगार प्राणांस मुकले. ब्रुनेल जबर जखमी झाले, परंतु थोडक्यात बचावले. या संकटाने त्यांची उमेद खचली नाही.

१८३३ साली लंडन ते ब्रिस्टल हा लोहमार्ग बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. घोड्यावर बसून त्यांनी सारा प्रदेश पायाखाली घातला. त्या काळी बहुतेक मार्गांवर रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच असे. कोळशाच्या खाणींकडील घोडागाड्यांच्या मार्गांचे हे माप जॉर्ज स्टीफन्सन यांनी आगगाडीसाठी स्वीकारले होते. केवळ रूढ आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारणे ब्रुनेल यांच्या स्वभावात नव्हते. वेगाने धावणाऱ्या गाडीला रुंद बैठक हवी, असा विचार करून त्यांनी सात फुटांचे अंतर निश्चित केले. १८४१ साली संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यावरील गाड्या वेग व स्थैर्य या दोन्ही गुणांत वाखाणल्या जाऊ लागल्या.

परंतु लवकरच एक अडचण उभी राहिली. १८४४ साली ग्लॉस्टर या गावी दोन मापांचे मार्ग एकत्र आले. एका मार्गाची गाडी दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. मग प्रवाशांनी सामानसुमान घेऊन गाडी बदलावी आणि हमालांनी प्रत्येक पोते, प्रत्येक पेटी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वाहून न्यावी, असे सुरू झाले. माल फुटे, हरवे, आणि त्यात वेळही जाई. एकेका मार्गाचा विचार केला तर दोन्ही मापे चालण्याजोगी होती. पण देशाचा व्यापार त्या दोहोंच्या सांध्यात अडकला.

१८४५ साली सरकारने तिघांचे चौकशी मंडळ नेमले. दोन्ही मापांच्या गाड्यांची शर्यत लावण्यात आली. ब्रुनेल यांच्या मार्गावरील इंजिनाने ८० टनांचे ओझे घेऊन ताशी सुमारे ६० मैलांचा वेग गाठला. वेगात रुंद मार्गच श्रेष्ठ, हे मंडळानेही मान्य केले. तरीही निर्णय अरुंद मापाच्या बाजूने झाला; कारण त्या मापाचे सुमारे १,९०० मैल रूळ देशात पसरले होते, तर रुंद मापाचे तीनशे मैलही नव्हते. १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांसाठी सर्वसाधारणपणे ४ फूट साडेआठ इंच हेच माप ठरले.

ब्रुनेल यांचा कामाचा उत्साह मात्र मंदावला नाही. पूल आणि जहाजे बांधण्यात ते अखेरपर्यंत गढून गेले होते. टेमर नदीवरील त्यांचा भव्य पूल मे १८५९ मध्ये खुला झाला. आजारी असल्यामुळे एका उघड्या डब्यात निजूनच त्यांनी तो पाहिला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

रुंद मार्गाला त्यांच्यापेक्षा अधिक आयुष्य लाभले. काही ठिकाणी तिसरा रूळ टाकून दोन्ही मापांच्या गाड्या चालवण्यात आल्या. अखेरीस मे १८९२ मध्ये उरलेला सुमारे १७० मैलांचा मार्ग बदलण्याचे ठरले. ब्रुनेल यांनी रूळ लांब तुळयांवर बसवून त्या आडव्या तुळयांनी जोडल्या होत्या. त्यामुळे आडव्या तुळया कापायच्या आणि एक रूळ त्याच्या लांब तुळईसह आत सरकवायचा, एवढेच करावयाचे होते. चार हजारांहून अधिक कामगार स्थानकांत व मालाच्या वखारींत मुक्काम करून राबले. २० मे रोजी रुंद मापाच्या अखेरच्या गाडीने लंडन सोडले आणि २३ मे रोजी नव्या मापाच्या गाड्या धावू लागल्या!

आपल्या देशातही असेच घडले. १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली, तिचे रूळ ५ फूट ६ इंच अंतरावर होते. पुढे खर्च वाचवण्यासाठी एक मीटर रुंदीचे व त्याहूनही अरुंद मार्ग बांधले गेले आणि मालाची तीच चढउतार येथेही सुरू झाली. बहुतेक मार्ग एकाच रुंद मापाचे करण्याची मोहीम भारतीय रेल्वेने १९९२ साली हाती घेतली.

ब्रुनेल यांची बुद्धी असामान्य होती आणि त्यांचा हिशेबही चुकलेला नव्हता. परंतु मार्ग हा एकट्याचा नसतो. शेजारच्या मार्गाशी जुळण्यातच त्याचे सार्थक असते.