कच्चे मडके

येलदरीहून औंढा नागनाथ फार दूर नाही. श्रीनामदेव महाराजांची अपुरी राहिलेली साधना तेथेच पुरी झाली.

इ. स. १२७० मध्ये आपल्या शिंपी कुळात जन्मलेले नामदेव तरुणपणीच विठ्ठलाचे लाडके भक्त म्हणून गाजले. परंपरा सांगते की, संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले. इतर स्वस्थ बसले. नामदेव रागावले आणि तेवढेच मडके कच्चे ठरले. नावलौकिक असता चारचौघांत झालेला हा अपमान! दुसरा कोणी मेळाच सोडता. नामदेव विसोबा खेचरांना शोधीत औंढ्यास आले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी ते पाय उचलून जेथे ठेवावेत, तेथे पिंड दिसे! देव मूर्तीपुरताच पाहणारी दृष्टी तेव्हा निवळली. चमत्कार असो, कीर्ती मिळाल्यावर पुन्हा शिष्य होणे मला अधिक अवघड वाटते.

पुढे उत्तरेत जाऊन त्यांनी तिकडील लोकांच्या बोलीतही पदे रचली. पंजाबात घुमान येथे ते दीर्घकाळ राहिले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. इ. स. १३५० मध्ये पंढरपुरी महाद्वाराच्या पायरीशी ते समाधिस्थ झाले.