रुबार्बच्या शेतातली जगज्जेती

रविवार, १७ सप्टेंबर १९६७. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात ऑटली सायकलिंग क्लबने भरवलेली बारा तासांची शर्यत अखेरच्या टप्प्यात आली होती. पुरुषांमध्ये आघाडीवर असलेला माइक मॅकनमारा राष्ट्रीय विक्रमाच्या दिशेने निघाला होता. एवढ्यात त्याच्यामागून एक सायकल आली. तिच्यावर तीस वर्षांची एक गृहिणी होती. महिलांच्या गटातून ती त्याच्यानंतर दोन मिनिटांनी सुटली होती. शेजारी आल्यावर तिने खिशातून ज्येष्ठमधाची एक रंगीत गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली आणि ती पुढे निघून गेली.

त्या दिवशी मॅकनमाराने २७६.५२ मैलांचा, म्हणजे सुमारे ४४५ किलोमीटरचा पुरुषांचा नवा विक्रम केला. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात बेरिल बर्टनने २७७.२५ मैल कापले होते. सायकलिंगच्या इतिहासात असा दिवस दुसरा सापडणे कठीण. तिच्यापेक्षा अधिक अंतर कापणारा पुरुष १९६९ मध्ये निघाला; महिलांचा विक्रम मात्र २०१७ पर्यंत, तब्बल ५० वर्षे टिकला.

बेरिलचा जन्म १२ मे १९३७ रोजी लीड्स शहराजवळच्या हॉल्टन येथे झाला. माहेरचे आडनाव चार्नॉक. माध्यमिक शाळेच्या निवडीसाठी अकराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेत ती अपयशी ठरली आणि त्याच सुमारास अंथरुणाला खिळली. हृदयावर परिणाम करणारा सांध्यांचा ज्वर आणि त्यासोबत हातपाय आपोआप झटके देऊ लागणारा कोरिया हा विकार तिला जडला. नऊ महिने रुग्णालयात आणि नंतर वर्षाहून अधिक काळ समुद्रकाठच्या साउथपोर्ट येथील आरोग्यधामात काढून ती घरी परतली, तेव्हा डॉक्टरांनी श्रमाची कामे टाळण्याची ताकीद दिली होती. ती तिने किती पाळली, हे पुढील ४० वर्षांनी दाखवून दिले!

शाळा सुटल्यावर ती कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. तिथेच चार्ली बर्टन भेटला. तो हौशी सायकलपटू. त्याच्यामुळे ती मॉर्ली सायकलिंग क्लबच्या मंडळींबरोबर रविवारच्या फेऱ्यांना जाऊ लागली. आरंभी मागे पडणाऱ्या बेरिलला चार्ली चढावर हाताने ढकलत नेई. १९५५ मध्ये दोघांचे लग्न झाले, १९५६ मध्ये डेनिस ही मुलगी झाली आणि १९५७ मध्ये शंभर मैलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बेरिलने रौप्यपदक मिळवले. आता चार्लीला तिच्या मागे राहणेही जमेना. त्याने स्वतःची हौस बाजूला ठेवली आणि पत्नीच्या सायकलीची देखभाल, प्रवास, मुलीचा सांभाळ अंगावर घेतला. त्या काळच्या कामगार वस्तीत हे चित्र नित्याचे नव्हते.

ब्रिटनमधील सायकल शर्यतींची रीत थोडी वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सायकल संघटनेने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींवर बंदी घातली. तेव्हापासून भल्या पहाटे, एकेका मिनिटाच्या अंतराने एकेका स्पर्धकाला सोडायचे आणि घड्याळाशी झुंजायला लावायचे, ही प्रथा पडली. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याची सोय येथे नाही. या एकाकी प्रकारात बेरिलला तोड नव्हती. २५, ५० आणि १०० मैलांच्या सरासरी वेगावरून वर्षातील सर्वोत्तम अष्टपैलू महिला ठरवली जाई. हा मान तिने १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षे कोणालाही घेऊ दिला नाही. २५ मैल एका तासाच्या आत, ५० मैल दोन तासांच्या आत आणि १०० मैल चार तासांच्या आत पार करणारी पहिली महिला तीच.

महिलांसाठी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली. त्यासाठी आयलीन ग्रे यांच्यासारख्या ब्रिटिश कार्यकर्त्यांना दीर्घकाळ भांडावे लागले होते. दुसऱ्याच वर्षी बेल्जियममधील लिएज येथे बेरिलने तीन हजार मीटरच्या ‘परस्यूट’ शर्यतीत सुवर्णपदक पटकावले. पुढे १९६०, १९६२, १९६३ आणि १९६६ मध्ये तेच विजेतेपद, १९६० मध्ये पूर्व जर्मनीत रस्त्यावरच्या शर्यतीतही पहिला क्रमांक आणि १९६७ मध्ये हॉलंडमधील हेर्लन येथे पुन्हा तेच. ही सात जगज्जेतेपदे. हेर्लनचा विजय ऑटलीच्या त्या शर्यतीच्या दोनच आठवडे आधीचा.

आणि या सर्व काळात ती पोट कशावर भरत होती? मॉर्ली आणि वेकफिल्डच्या परिसरात रुबार्ब या आंबट, लालसर देठांच्या भाजीची शेती होते. क्लबमधीलच सहकारी आणि चोवीस तासांच्या शर्यतींचा राष्ट्रीय विजेता निम कार्लाइन याच्या शेतात ती मजुरी करी. खोदणे, मुळांचे जड गड्डे उचलणे, गाड्या भरणे ही तिची कामे. ज्या हृदयाला जपायला सांगितले होते, त्याच्या भरवशावर ती दिवसभर राबे आणि सायंकाळी सराव करी. पूर्व युरोपातील तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीशी सरकारी यंत्रणा उभी होती. हिच्या पाठीशी चार्ली आणि गावचा क्लब. व्यावसायिक होण्याचा प्रस्ताव आला, तो तिने नाकारला. ती अखेरपर्यंत हौशीच राहिली. सरकारने १९६४ मध्ये ‘एमबीई’ आणि १९६८ मध्ये ‘ओबीई’ किताब देऊन गौरव केला. परंतु सामान्य वृत्तपत्र वाचकाला तिचे नाव क्वचितच ठाऊक होते. ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या सायकलिंगला प्रवेश मिळाला तो १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. तेव्हा बेरिल ४७ वर्षांची होती.

ही जिद्द घरातल्यांनाही सोपी गेली नाही. डेनिसही सायकलपटू झाली. १९७२ च्या जागतिक स्पर्धेसाठी मायलेकी एकाच ब्रिटिश संघात होत्या. १९७६ च्या राष्ट्रीय रस्ता शर्यतीत अखेरच्या काही मीटरमध्ये लेकीने आईला मागे टाकले. विजेत्यांच्या मंचावर बेरिलने तिच्याशी हस्तांदोलन केले नाही. आघाडी टिकवण्यात डेनिसने आपला वाटा उचलला नाही, असा तिचा समज झाला होता. या प्रसंगाचा अभिमान वाटावा असे त्यात काही नाही, हे तिने १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता मान्य केले. चाहत्यांनी हा प्रसंग झाकू नये. ज्येष्ठमधाची गोळी देणारी आणि लेकीला हात न देणारी, दोन्ही बेरिलच होत्या. पुढे १९८२ मध्ये याच दोघींनी एका टँडेम सायकलवर बसून दहा मैलांचा राष्ट्रीय विक्रम केला.

पंचविशीची मालिका खंडित झाल्यावरही तिने शर्यती सोडल्या नाहीत. वेग घटला होता, आजारपणे आणि अपघातांच्या खुणा अंगावर होत्या, तरीही रविवार उजाडला की ती क्रमांक लावून रांगेत उभी असे. ज्या मुलींच्या आयांना तिने हरवले होते, त्या मुली आता तिला हरवत होत्या. चार्ली अजूनही सोबत येई.

५ मे १९९६ रोजी ती नेहमीप्रमाणे सायकल घेऊन घराबाहेर पडली. आठवड्यावर आलेल्या ५९ व्या वाढदिवसाची निमंत्रणे तिला वाटायची होती. वाटेतच हृदय बंद पडून ती रस्त्यावर कोसळली. काही निमंत्रणे पोहोचायची राहिली होती.